मन सावरताना या चुका टाळा

यवतमाळकडच्या गावांत मी लाइफ कोचिंग करते. पावसानं दडी मारली, उगवलेलं रोप करपलं आणि दुबार पेरणी डोक्यावर आली, की समोर बसलेला माणूस म्हणतो, "आता काई जमत नाही ताई." आधी तो वावराबद्दल बोलत असतो, मग कधी स्वतःबद्दल बोलू लागतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. रोज हेच घोकलं की मेंदूला तेच सवयीचं होतं. पण मेंदू मोठ्या वयातही नवं शिकतो, म्हणून ही सवय मोडता येते. फक्त काही चुका पुन्हापुन्हा होतात.

पहिली चूक २१ दिवसांची, म्हणजे कोणतीही सवय २१ दिवसांत लागते असं मानण्याची. व्हिडिओ पाहून लोक महिनाभर काहीतरी करतात आणि फरक दिसला नाही की स्वतःलाच नालायक ठरवतात. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. १९६० च्या सुमारास त्यांनी लिहिलं, की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मृगात धरलेली सवय पोळ्याला रुजली, तरी उशीर झाला असं समजू नका. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. फवारणीच्या धांदलीत राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

दुसरी चूक मला जास्त टोचते. एक शेतकरी रोज वहीत "मी यशस्वी आहे" लिहायचे आणि उशाखाली बँकेची नोटीस ठेवून झोपायचे. अशा वाक्यावर मन विश्वास कसं ठेवेल? आम्ही वहीचं पान उभं दुमडलं. एका बाजूला पाऊस आणि कापसाचा भाव, म्हणजे हातात नसलेलं. दुसऱ्या बाजूला बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोलणं, भावाला खरी रक्कम सांगणं. मग ठरवलं: सकाळी ढोरांना चारा टाकला की गोठ्यातच उभं राहून त्या दिवसाचं एक काम मोठ्यानं बोलायचं. 'टेन्शन घेणार नाही' असा मोघम निश्चय टिकत नाही. रोजच्या कामाला बांधलेली छोटी कृती टिकते. नोटिशीचं उत्तर द्यायला त्यांना तीन आठवडे लागले, पण बँकेत ते स्वतः गेले.

कोच होण्यासाठी आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. पैसे देण्याआधी शिक्षण आणि अनुभव विचारा. यात संकोच नको.

शेवटची चूक जिवावर बेतते: आजाराला मनाचा कमकुवतपणा समजणं. दोन आठवडे झोप नाही, कशातच जीव लागत नाही किंवा मरणाचे विचार येतात, तर ते कोचचं काम नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' उपक्रमात प्रशिक्षित गावकरी घरोघर गेले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ वर गेलं. कुणीतरी येऊन विचारावं लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात असं कुणी असेल तर त्यांना एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आजच कुलपात टाका आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या.