कांद्याचं सूप: आच मंदच ठेवा

सूपसाठी कांदा उन्हाळी घ्या. नाशिकमध्ये तो शोधत फिरावं लागत नाही. लासलगाव-पिंपळगावकडे कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये ठेवलेला हा कांदा दिवाळीपर्यंत सहज मिळतो. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा भजी-कोशिंबिरीला झकास, पण त्याला पाणी जास्त सुटतं.

चौघांसाठी पाऊण किलो कांदा उभा, पातळ चिरा. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे लोणी, चमचाभर तेल, कांदा आणि चिमूटभर मीठ. पहिली 10 मिनिटं झाकण ठेवा, मग काढून मंद आचेवर परतत राहा. 40 मिनिटं तरी लागतातच. कुणी पंधरा मिनिटांत होतं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बुडाला तपकिरी थर धरला की थोडं पाणी शिंपडून उलथन्याने खरवडा. खरी चव तिथेच असते. थर काळा पडला तर मात्र कडवटपणा जात नाही. कांदा गुळाच्या रंगावर आला की चार-पाच वाट्या भाज्यांचं गरम पाणी, मिरपूड घालून 20 मिनिटं उकळा. वर चीज लावून भाजलेला पाव.

कांदा दुप्पटच परता. उरलेला फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याबरोबर वाटला की मिसळीच्या रश्श्याचं वाटण तयार.