रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे

पोर्टफोलिओ ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे कंपनीतल्या सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट्सचा हिशेब ठेवायला, रुजू झालो तेव्हा वाटलं होतं, टूल शिकलं की काम आलं. पहिले तीन आठवडे डॅशबोर्ड रंगवण्यात गेले. पुढचे कित्येक महिने ‘हे ॲप्लिकेशन नक्की कोणाचं?’ असं विचारत फिरण्यात.

नव्यांचा घोळ होतो तो दोन प्रकारच्या टूल्समध्ये. क्लॅरिटी, प्लॅनव्ह्यूसारख्यांत मुख्यतः प्रोजेक्ट्स असतात, म्हणजे पुढे पैसा आणि माणसं कुठे लावायची ते. लीनआयएक्स, आर्डॉकमध्ये आधीच चालू असलेली ॲप्लिकेशन्स. एकाच टूलवर जीव टाकू नका, मालक बदलत राहतात. क्लॅरिटी निकू कंपनीची होती, 2005 मध्ये सीए या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली, 2018 मध्ये ब्रॉडकॉमकडे. लीनआयएक्स 2023 मध्ये सॅपने घेतली.

गार्टनर या सल्लागार कंपनीचं ‘टाइम’ मॉडेल मात्र जवळपास सगळीकडे भेटेल. टॉलरेट, इन्व्हेस्ट, मायग्रेट, एलिमिनेट: धंद्याला किती उपयोगी आणि तांत्रिकदृष्ट्या किती धड, यावरून ॲप्लिकेशन चारपैकी एका चौकटीत जातं. याच चौकटीनं मला तोंडावर आपटवलं.

एका जुन्या ॲपला महिन्याला जेमतेम चार लॉगिन, तांत्रिक गुण पाचपैकी दोन. मी बिनधास्त ‘एलिमिनेट’ केलं. आढाव्याच्या बैठकीत लेखा विभागातल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “त्यात लॉगिन करायचंच नसतं. त्यातून रात्री एक फाइल निघते. ती आली नाही तर आमचं महिनाअखेरचं क्लोजिंग अडतं.” इंटरफेसचा, म्हणजे दुसऱ्या सिस्टिम्सशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा, रकाना रिकामा होता आणि मी रिकामा म्हणजे ‘नाही’ असं धरलं होतं. तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन वेगळे पर्याय असतात.

सुरुवातीला चाळीस रकाने मागू नका, लोक काहीही भरतात. नाव, मालक, वार्षिक खर्च, इंटरफेस, सपोर्ट संपण्याची तारीख, एवढं पुरे. मालक म्हणून माणसाचं नाव हवं. ‘आयटी विभाग’ असं लिहिलं की फोन कुणी उचलत नाही. माहिती शेवटची कधी तपासली, ती तारीखही ठेवा. (खर्चावरून भांडणं होणारच. सामायिक सर्व्हरचा वाटा कुणालाच मान्य नसतो.)

एवढं जमलं की प्रत्येक प्रोजेक्ट त्याच्या ॲप्लिकेशनला जोडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टूलचे पैसे इथेच वसूल होतात. मी जोडणी केली तेव्हा ‘एलिमिनेट’मधल्या एका ॲपवर दोन प्रोजेक्ट्स चालू निघाले. त्यातला एक त्याच ॲपला नवा चेहरा देण्याचा होता.