प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा नंबर चेक करताय? या चुका टाळा

नवीन प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला, मधे रेष नसलेला चष्मा) घेतला, दोन दिवस घातला, डोकं धरलं, की लोक काय करतात तर कोपऱ्यावरच्या दुसऱ्याच दुकानात जाऊन "जरा नंबर बघा हो याचा" म्हणतात. तो माणूस चष्मा मशीनवर मधोमध कुठेतरी टेकवतो आणि सांगून मोकळा होतो, काका, नंबर चुकलाय तुमचा. मग पहिल्या दुकानात जाऊन भांडण. खरं सांगायचं तर अशा बऱ्याच केसेसमध्ये काच बरोबर असते, बघायची जागा चुकलेली असते.

प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर वाढत जातो आणि मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खाली तर जो तुम्हाला दिलेलाच नाही असा सिलिंडरही (एका ठरावीक दिशेतच लागणारा नंबर) दिसतो. लांबचा नंबर +१.०० असेल आणि चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे नंबर मोजायच्या मशीनवर, थोडा खाली, थोडा बाजूला बसला तर +१.५० आणि वर -०.५० सिलिंडर असं काहीही रीडिंग येऊ शकतं. त्यामुळे मशीन चालू करायच्या आधी काचेवरच्या खुणा पाहिजेत. काच कंपनीतून येते तेव्हा शाईने आखलेलीच असते, बाहुलीसमोर येणारा क्रॉस, त्याच्या वर लांबचा नंबर बघायची जागा, खाली जवळच्या नंबरचा गोल. बहुतेक दुकानात डिलिव्हरीच्या आधीच ती पुसतात, आणि ही सवय मला अजिबात पटत नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर चष्मा चढवून क्रॉस बरोबर बाहुलीवर येतोय का हे बघून मग पुसा ना.

पुसली असेल तरी हरकत नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि उजेडात, मागे काहीतरी गडद धरून, काच जरा तिरपी करून बघायची. एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील. कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशन, म्हणजे जवळचं बघायला लांबच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर, लिहिलेलं असतं, २० किंवा २.०० असं काहीतरी, आणि नाकाकडच्या खुणेखाली बहुतेक वेळा कंपनीची किंवा डिझाइनची खूण. आता त्या कंपनीच्या त्याच डिझाइनच्या चार्टवर चष्मा ठेवून मार्करने क्रॉस आणि गोल परत आखून घ्यायचे. दुसऱ्या डिझाइनचा चार्ट चालत नाही, जागा बदलतात.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. आपल्याकडे डॉक्टरांच्या कागदावर कधी अ‍ॅडिशन लिहितात तर कधी जवळच्या रकान्यात पूर्ण नंबर. लांबचा +१.००, जवळचा +३.०० लिहिलंय, म्हणजे अ‍ॅडिशन +२.००. काचेवर २.०० कोरलेलं बघून "अहो नंबर कमी टाकला" म्हणणारे भेटतात, ते ठीक आहे, समजावता येतं. पण दुकानातल्या पोराने ऑर्डरमध्ये अ‍ॅडिशनच +३.०० भरलं तर जवळचा नंबर +४.०० होतो आणि पेपर नाकाला लावून वाचायची पाळी येते. मायनसवाल्यांचं अजून मजेशीर, लांबचा -२.०० आणि अ‍ॅडिशन +२.०० म्हणजे खालच्या भागात नंबर शून्य, मशीन शून्य दाखवतंय म्हणून काच साधी निघाली असं समजू नका.

अ‍ॅडिशन मशीनवर मोजायचं असेल तर कुठल्या बाजूने मोजायचं हे काचेवर अवलंबून असतं. नंबर वाढवत नेणारं प्रोग्रेसिव्ह वळण पुढच्या बाजूला असेल तर चष्मा उलटा करून पुढची बाजू टेकवून लांबचा आणि जवळचा दोन्ही मोजायचे आणि फरक काढायचा, वळण मागच्या बाजूला असेल तर मागून. रोजच्या कामात मी तरी कोरलेला आकडाच धरतो.

फ्रीफॉर्म काचेत, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने ज्याच्या त्याच्या मापाला घडवलेल्या काचेत, अजून एक गंमत असते. फ्रेमचा कल, डोळ्यापासूनचं अंतर वगैरे हिशेबात घेऊन कंपनी नंबर किंचित बदलते, म्हणजे लिहून दिलेला -३.०० असला तरी मशीनवर -२.८७ आणि सोबत छोटासा सिलिंडर येऊ शकतो. काचेच्या पाकिटावर दोन ओळी असतात, एक ऑर्डरची आणि एक तपासायची, आणि मशीनचं रीडिंग दुसऱ्या ओळीशीच जुळवायचं. म्हणून पाकीट मागून घ्या, दुकानदार फेकून देतात.

प्रिझम, म्हणजे समोरची वस्तू किंचित सरकलेली दाखवणारा काचेतला उतार, दिसला म्हणून घाबरू नका. काच पातळ करायला दोन्ही काचांत सारखाच खालच्या बाजूचा प्रिझम टाकतात. तो कोरलेल्या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर मोजायचा. दोन्हीकडे सारखा असेल तर काही नाही, उजवी-डावीत फरक आला तर मात्र ऑर्डर काढून बघा.

फरक किती चालतो? अमेरिकेच्या एएनएसआय झेड८०.१ या चष्म्याच्या काचांच्या मानकाप्रमाणे ८.०० पर्यंतच्या नंबरला प्रोग्रेसिव्हमध्ये ०.१६, अ‍ॅडिशन ४.०० पर्यंत असेल तर ०.१२, क्रॉसच्या उंचीत १ मिलिमीटर. ऑटो मशीन ०.२५ च्या स्टेपवर सेट असेल तर हे कळणारच नाही, स्टेप बारीक करा, प्रोग्रेसिव्ह मोड लावा, आणि सिलिंडर प्लसमध्ये दाखवतंय की मायनसमध्ये तेही बघा, नाहीतर तोच नंबर वेगळा वाटतो.

आणि सगळे आकडे जुळूनही त्रास असेल तर फिटिंग बघा. सरळ बघताना धूसर आणि हनुवटी खाली केली की स्वच्छ, तर क्रॉस वर बसलाय. वाचायला हनुवटी उचलावी लागते, तर खाली बसलाय. मान एका बाजूला वळवली की बरं दिसतं, तर एका डोळ्याचं पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर) चुकलं असायची शक्यता जास्त. उंचीचा किरकोळ फरक नोजपॅड वाकवून निघतो, पीडीचा मोठा फरक असेल तर काच नवीनच करावी लागते. तपासून झालं की खुणा स्पिरिटने पुसा, पॉलिकार्बोनेटच्या काचेला अ‍ॅसिटोन लावू नका, काच खराब होते आणि मग बदलून द्या म्हणायलाही जागा राहत नाही.