शेकोटीवालं मार्शमेलो, पण वाटीत गोठवलेलं
कास-ठोसेघरकडं टेंटवर राहायला गेलं की रात्री शेकोटीवर मार्शमेलो (साखरेची मऊ, फुगीर गोळी) भाजून बिस्किट-चॉकलेटच्या मधी दाबून देतात ना, तेच साताऱ्यात उन्हाळ्यात घरी थंड करून खायचं असेल तर आईस्क्रीमचा मोठा डबा लावत बसू नका, आमटीच्या स्टीलच्या वाट्या घ्या, प्रत्येकाची वेगळी, भांडणच नको.

200 मिली व्हिपिंग क्रीम एकदम गार असतानाच फेटायची, साधी फ्रेश क्रीम चालत नाही, तिच्यात फॅट 25 टक्क्यांच्या आसपासच त्यामुळं ती फुगतच नाही (माझी एकदा नुसती लस्सी झालेली). मग 150 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क हलक्या हातानं मिसळा.

आता खरी गंमत, अर्धे मार्शमेलो काट्याला टोचून गॅसच्या बारीक आचेवर फिरवत भाजायचे, वरची साल तपकिरी होऊन फुगली की लगेच काढा, आणि जरा गार झाल्यावर क्रीममधी घाला, धुराची चव त्यानंच येते. वाटीच्या तळाला लोणी लावलेला गव्हाच्या बिस्किटांचा चुरा दाबून भरा, त्यावर चॉकलेट. चॉकलेट नुसतं वितळून ओतलं तर फ्रीजरमधी दगड होतं, म्हणून त्यात दोन चमचे क्रीम टाकाच.

वर ती मार्शमेलोवाली क्रीम भरा आणि वाट्या रात्रभर फ्रीजरमधी. उरलेले मार्शमेलो देताना भाजून वर ठेवायचे, आधी नाही. आणि हो, घरात कोण शाकाहारी असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या, बऱ्याच मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात.