डिजिटल ग्रंथसंग्रहात टॅग आणि तारे कसे लावावेत

संग्रहातील पुस्तके दोन-तीनशेच्या पुढे गेली की नुसत्या फोल्डरांची मांडणी अपुरी पडू लागते, कारण फोल्डरमध्ये पुस्तकाला एकच जागा मिळते आणि वाचणाऱ्याला मात्र ते कधी विषयावरून, कधी काळावरून, तर कधी ‘दुष्काळातील धान्याच्या भावांचा तो तक्ता कुठे पाहिला होता?’ अशा अर्धवट आठवणीवरून शोधायचे असते. ग्रंथपालांना ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत प्रत्येक ग्रंथाला एक क्रमांक आणि फडताळावर एक जागा ठरते, एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात मात्र विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे काढून मग ते एकत्र जोडले जातात. टॅग, म्हणजे पुस्तकाला चिकटवलेले छोटे शोधशब्द, लावताना आपण घरगुती प्रमाणावर हेच करत असतो, त्यामुळे पैलू कोणते हे आधी ठरवल्याशिवाय एकही टॅग लावू नये.

येथील कृती ‘कॅलिबर’ या ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळणाऱ्या मोफत आणि मुक्तस्रोत प्रणालीला धरून सांगितली आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. पुस्तक जोडले की कॅलिबर त्याची प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये लेखक आणि शीर्षक यांनुसार ठेवते व सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये लिहिते. मराठी शीर्षकांच्या फाइलींची नावे तेथे रोमन लिपीत उतरलेली दिसतात. ती पाहून हात शिवशिवले तरी त्या फोल्डरमध्ये जाऊन नावे बदलू नयेत, कारण मग डेटाबेसला फाइल सापडत नाही. जो बदल करायचा तो कॅलिबरच्या खिडकीतूनच करावा.

माझ्या अनुभवात तीन पैलू पुरतात: पुस्तक कशाबद्दल आहे, ते कोणत्या प्रकारचे आहे आणि मला ते कशासाठी लागणार आहे. वर उल्लेखिलेल्या तक्त्याच्या पुस्तकाला ‘दुष्काळ’ आणि ‘शेती’ हे विषयाचे, ‘आकडेवारी’ हा प्रकाराचा आणि ‘संदर्भासाठी’ हा उपयोगाचा, असे चार टॅग लावले की काम झाले. लेखक, भाषा, प्रकाशक आणि मालिका यांना कॅलिबरमध्ये स्वतंत्र रकाने आहेत, म्हणून त्यांचे टॅग करणे व्यर्थ आहे. ‘वाचले’, ‘अर्धे राहिले’, ‘वाचायचे आहे’ हेसुद्धा टॅग नव्हेत. ती पुस्तकाची बदलती अवस्था आहे. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिच्यासाठी ठराविक पर्यायांचा एक नवा रकाना तयार करावा, म्हणजे एकाच पुस्तकावर ‘वाचले’ आणि ‘वाचायचे आहे’ अशा दोन्ही खुणा राहून जात नाहीत.

टॅगांची खरी नासाडी आपल्या हातून होण्याआधीच झालेली असते. इंटरनेटवरून पुस्तकाचा तपशील उतरवताना दुकानांची आणि सूचींची वर्गनामेही सोबत येतात, आणि एकाच कादंबरीला ‘फिक्शन’, ‘जनरल’, ‘लिटररी’ अशी बिनकामाची शेपटी चिकटते. मी पहिल्या वर्षी याकडे दुर्लक्ष केले. नंतर मोजले तेव्हा चारशे पुस्तकांवर सहाशेहून अधिक टॅग होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त केवळ एकेका पुस्तकावर होते. तपशील उतरवण्याच्या सेटिंगमध्ये टॅगपुढची खूण काढून टाकली की नवी भर थांबते. त्याऐवजी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला ‘नवे’ हा एकच टॅग आपोआप लागेल अशी सोय करून ठेवावी, आणि पुस्तक निदान चाळून झाल्यावर तो काढून खरे टॅग लावावेत. न उघडलेल्या पुस्तकाला लावलेला टॅग हा मलपृष्ठावरच्या मजकुराचा टॅग असतो.

देवनागरीत आणखी एक सापळा आहे. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ हे भेद डोळ्यांना दिसतात तरी, पण ‘ॲ’ हे अक्षर एका कळफलकावरून एकसंध संकेत म्हणून उमटते, तर दुसऱ्यावरून ‘अ’ आणि चंद्र असे दोन संकेत जोडून तयार होते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या दृष्टीने मात्र ती भिन्न असतात; परिणामी टॅगांच्या यादीत ‘ॲक्शन’ दोनदा दिसते आणि आपण आपल्याच डोळ्यांवर शंका घेतो. यावर उपाय असा की शक्यतो टॅग नव्याने टंकित न करता यादीतून निवडावा. जुने जोड टॅग व्यवस्थापनाच्या खिडकीत जाऊन मिटवता येतात: एका टॅगला दुसऱ्याचे नेमके नाव दिले की दोन्ही एकत्र होतात. त्याच खिडकीत प्रत्येक टॅगची पुस्तकसंख्याही दिसते. स्वल्पविराम हा दोन टॅगांमधला विभाजक असल्याने तो नावात वापरू नये.

तारे म्हणजे पुस्तकाला पाचपैकी दिलेली पसंती; त्यांच्या बाबतीत बहुतेकांची गाडी चारवर अडकते, कारण आवडलेल्या प्रत्येक पुस्तकाला चार देणे सोपे असते. पण सगळ्यांना चार म्हणजे कोणालाच काही नाही. म्हणून प्रत्येक ताऱ्याला कृतीचा अर्थ द्यावा: पाच म्हणजे पुन्हा वाचणार, चार म्हणजे इतरांना सुचवणार, तीन म्हणजे वाचल्याचा पश्चात्ताप नाही, दोन म्हणजे कसेबसे संपवले, एक म्हणजे सोडून दिले. शून्य म्हणजे वाईट नव्हे, तर अजून न ठरवलेले. अर्धे तारे हवे असल्यास स्वतंत्र रकाना करून त्यात तशी मुभा देता येते. मला स्वतःला त्यात वेळ घालवण्यासारखे काही वाटत नाही. संदर्भग्रंथांना तारे देण्याचे मी सोडून दिले आहे, कारण शब्दकोश ‘आवडला’ का या प्रश्नाला अर्थ नाही.

एवढी तयारी झाली की डाव्या बाजूच्या टॅग ब्राउझरचा खरा उपयोग कळतो. ‘शेती’वर एकदा क्लिक केल्यास तो टॅग असलेली पुस्तके उरतात, पुन्हा क्लिक केल्यास तीच वगळली जातात. चार किंवा अधिक तारे, ‘संदर्भासाठी’ हा टॅग नाही आणि अवस्था ‘वाचले’, असा शोध नाव देऊन जतन केला की कोणी वाचायला पुस्तक मागितल्यावर यादी तयार असते. ‘नवे’ टॅगची पुस्तके अशाच शोधाने महिन्यातून एकदा पुढे आणावीत आणि जमतील तेवढी निकालात काढावीत.

हे सारे श्रम डेटाबेसच्या एका फाइलीत असल्यामुळे संपूर्ण संग्रहाच्या फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. मूळ फोल्डर आपोआप जुळवल्या जाणाऱ्या क्लाउडमध्ये ठेवू नये, कारण जुळवणी अर्धवट असताना कॅलिबर उघडल्यास नोंदी बिघडू शकतात. डेटाबेस खराब झालाच, तर प्रत्येक पुस्तकाशेजारी कॅलिबरने ठेवलेल्या तपशिलाच्या छोट्या फाइलींवरून तो पुन्हा उभारता येतो. टॅग आणि तारे त्यातही नोंदलेले असतात.