अंबरातला नर, सालीतली मादी: मॅत्सुकोकसचं वर्गीकरण करताना या चुका टाळा

मॅत्सुकोकस ही फक्त पाइनवर जगणारी खवले किडींची प्रजाती (जीनस, म्हणजे अनेक जातींचा गट). कीटकतज्ज्ञ कॉकरेलने ती 1909 मध्ये मांडली, तिची प्रारूप जाती (जिच्यावरून प्रजाती ठरवली ती) जपानमधली मॅत्सुकोकस मॅत्सुमुरी. आज तीसेक जाती जिवंत आहेत आणि काही जाती बाल्टिक अंबरात, म्हणजे झाडांच्या जीवाश्म झालेल्या राळेत, सापडल्या आहेत. दोन्हींची सांगड घालताना होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक एकाच ठिकाणाहून निघतात: एका अवस्थेची तुलना दुसऱ्याच अवस्थेशी केली जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जिवंत मादी आणि जीवाश्म नर एका तक्त्यात शेजारी ठेवणं. पिठ्या ढेकणासारखीच इथेही जिवंत जातींची वर्णनं बहुतेक प्रौढ मादीवर, तिच्या त्वचेवरच्या छिद्रांवर आणि व्रणांसारख्या चट्ट्यांवर बेतलेली असतात. अंबरात मात्र जवळजवळ सगळे नरच मिळतात. पंख असलेला नर उडतो आणि ओल्या राळेला चिकटतो. मादी सालीच्या भेगांतच राहते. म्हणून आधी जिवंत नरांचा तक्ता तयार करा. किडलेल्या फांद्या हवेशीर डब्यात ठेवा, कोषातून निघालेले नर आणि त्याच वसाहतीतल्या माद्या एकाच क्रमांकाखाली 95 टक्के अल्कोहोलमध्ये जपा, आणि दोघांचे डीएनए जुळवून घ्या. मग नराचे शृंगिकाखंड म्हणजे मिशांचे तुकडे (दहा), संयुक्त नेत्रांतले नेत्रक (सुटे छोटे डोळे), मागच्या पंखांच्या अवशेषांवरचे आकडे (हुक) आणि पोटाच्या सातव्या खंडावरच्या, मेण सोडणाऱ्या ग्रंथीपट्टीतल्या नलिका मोजा.

नुसते संयुक्त नेत्र आणि मेणाची शेपटी दिसली म्हणून मॅत्सुकोकस ठरवू नका. ऑर्थेझिया या दुसऱ्या खवले किडीच्या नरांतही दोन्ही असतात. हे वारसाहक्काने आलेले जुने गुण आहेत; त्यांच्यावर प्रजातीची सीमा आखता येत नाही. ग्रंथीपट्टी कोणत्या खंडावर आहे, हे खंड मोजूनच लिहा.

दुसरी फसगत तिसऱ्या अवस्थेतल्या नराची. मादी पाय नसलेल्या दुसऱ्या अवस्थेतून थेट प्रौढ होते. नर मात्र त्यानंतर चालत्या तिसऱ्या अवस्थेत येतो, मग कोष विणतो. हा चालता नर हुबेहूब छोट्या मादीसारखा दिसतो. तोंडाचे अवयव नसल्याची खूण इथे उपयोगी नाही, कारण प्रौढ मादीलाही ते नसतात. जननछिद्र शोधा, नसेल तर ती मादी नव्हे.

स्लाइड बिघडते ती घाईने. किडा पारदर्शक करायला वापरायचं 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड कोमट ठेवा, उकळू नका. पोटाला बारीक छिद्र पाडा, 20 ते 30 मिनिटांनी तपासा आणि आतला ऐवज हलकेच बाहेर दाबा. जास्त वेळ ठेवलं तर त्वचा इतकी फिकी होते की अॅसिड फुक्सिन हा रंगही नीट चढत नाही. पाणी राहिलं तर स्लाइडवर किडा बसवायच्या कॅनडा बाल्सम या राळेत दुधाळ ढग येतो; 70, 95 आणि 100 टक्के अल्कोहोल, मग लवंगतेल हा क्रम मोडू नका. नराला काचेखाली दाबू नका, शृंगिका तुटतात.

अंबरातल्या किड्याभोवती पांढरा थर दिसला की तो मेण समजला जातो. बाल्टिक अंबरात हा थर बहुधा कुजताना सुटलेल्या द्रव-वायूंच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा असतो. मेणाचे धागे ग्रंथीपट्टीतूनच निघतात. बुडबुडे अंगाच्या एका बाजूला पसरतात. खडा ग्लिसरीनमध्ये बुडवून दोन्ही बाजूंनी बघा. अल्कोहोलने पुसू नका, अंबराला तडे जातात. न दिसणारा अवयव तक्त्यात ‘नाही’ म्हणून नोंदवू नका, तिथे प्रश्नचिन्ह हवं. ‘नाही’ लिहिलं की वंशवृक्ष काढणारा संगणक त्याला खराखुरा गुण मानतो आणि जीवाश्म भलत्याच फांदीवर जाऊन बसतो.

नुसत्या पंखांच्या अभावावरून नवी प्रजाती काढणंही चूकच. पोलंडचे यान कोतेया यांनी 1984 मध्ये बिनपंखी नराची अंबरातली जाती मॅत्सुकोकस अॅप्टेरस म्हणून याच प्रजातीत ठेवली, कारण बाकीची ठेवण जुळत होती. जुन्या लेबलांनाही प्रमाण मानू नका: आज मॅत्सुकोकस पिन्नाटस म्हणतात ती अंबरातली जाती 1856 मध्ये मोनोफ्लेबस या दुसऱ्याच प्रजातीत वर्णिली गेली होती.

जिवंत जातींत उलटी चूक होते. देश आणि झाड बदललं की नवं नाव! अमेरिकेतली रेझिनोसी आणि कोरियातली थुनबर्जियानी या जाती वेगळ्या मानल्या गेल्या, पण मॅत्सुकोकस मॅत्सुमुरीचे नर आणि या दोन्हींचे नर मॅत्सुओन या मादीच्या एकाच गंधद्रव्याकडे ओढले जातात. पुढे शरीररचना आणि डीएनए तपासून तिन्ही एकच ठरल्या. अंबरातल्या जाती मोजण्याआधी जिवंतांची ही दुबार नावं काढून टाका, नाहीतर आजची विविधता फुगलेली दिसते आणि जीवाश्मांशी केलेली तुलना चुकते.