क्रोशामध्ये रंग बदलताना या चुका टाळा

क्रोशाचं काम कुणी हातात दिलं की मी आधी ते उलटं करून बघते. सुलट बाजू सगळेच छान दाखवतात. रंग कुठे बदलला, दोऱ्याची टोकं कुठे गेली, घाई किती झाली, हे उलट्या बाजूला कळतं. शिकायला येणाऱ्यांची कामं मी बरीच वर्षं बघतेय आणि चुका त्याच त्याच असतात. खांब एकसारखे, हात सैल-घट्ट न होता चाललेला, रंगांची निवड तर सुरेख. आणि नेमका रंग बदलला तिथे दातेरी रेघ नाहीतर भोक. इतक्या मेहनतीच्या कामाला तेवढ्यासाठी उणेपण यावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

टाका पुरा झाल्यावर रंग बदलणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. जुन्या रंगाचा टाका पुरा करायचा, मग नवा दोरा घ्यायचा आणि पुढचा टाका घालायचा. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण टाका पुरा झाल्यावर सुईवर जो एक फास उरतो ना, त्याचाच पुढच्या टाक्याचा माथा होतो. तो फास जुन्या रंगाचा राहिला तर नव्या रंगाच्या पहिल्या टाक्याच्या डोक्यावर जुना रंग बसतो. मग पट्ट्याची कड सरळ दिसत नाही, चौकटीचा कोपरा तिरका दिसतो, आणि माणूस नमुन्याला नाहीतर लोकरीला दोष देत बसतो.

म्हणून रंग एक टाका आधी बदलायचा, तोही त्या टाक्याच्या शेवटच्या ओढीला. मुका खांब (आखूड टाका, अमेरिकन नमुन्यातलं सिंगल क्रोशे) घालताना सुई टाक्यात घालून दोरा बाहेर काढला की सुईवर २ फास असतात. इथे जुना दोरा सोडा, नवा दोरा सुईवर घ्या आणि दोन्ही फासांतून ओढा. खांबाला (उंच टाका, अमेरिकन नमुन्यातलं डबल क्रोशे) आधी ३ फास असतात. पहिल्या ओढीनंतर २ उरतात, ते २ नव्या रंगाने बंद करायचे. अर्ध्या खांबाला तिन्ही फास एकदमच बंद होतात, त्यामुळे ती एकुलती एक ओढ नव्या रंगाची. मी शिकवताना एवढंच घोकून घेते: शेवटची ओढ नव्या रंगाची. नमुन्यात १२वा टाका लाल सांगितला असेल तर लाल दोरा ११व्या टाक्याच्या शेवटी हातात आलाच पाहिजे.

ओळीच्या शेवटी रंग बदलायचा असेल तरी नियम हाच. काम वळवायच्या आधी, ओळीतल्या शेवटच्या टाक्याची शेवटची ओढ नव्या रंगाने घ्यायची, म्हणजे वळणाची साखळी (पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उंचीसाठी घालतो ती) आपोआप नव्या रंगाची होते. साखळी जुन्या रंगाची झाली की कडेला भलत्याच रंगाचे ठिपके दिसतात. काहीजणी म्हणतात, पुढे किनार घातली की ते झाकलं जाईल. पूर्ण झाकलं जात नाही. पांढऱ्याशेजारी गडद निळा असेल तर किनारीखालूनही डोकावतो.

नवा दोरा जोडला की पहिले दोन-तीन टाके सैल पडतात, त्याला घाबरून सुरुवातीलाच गाठ मारायची गरज नाही. मी नव्या दोऱ्याचं टोक मधल्या बोटाखाली दाबून धरते, दोन टाके झाले की दोन्ही टोकं हलकेच ओढून फास सारखे करते.

एक आठवण ठेवा. अमेरिकन नमुन्यातलं सिंगल क्रोशे म्हणजेच ब्रिटिश नमुन्यातलं डबल क्रोशे. नमुना कुठल्या पद्धतीने लिहिलाय हे न बघता ब्रिटिश डबल क्रोशे अमेरिकन समजून घातलं तर टाका उंच पडतो आणि रंग बदलायची जागा बरोबर असूनही चित्र उभं लांबुळकं होतं.

गाठ मारायची आणि टोक कापायचं

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या एका चुकीने माझे चार दिवस आणि एक चांगलं ब्लँकेट जवळजवळ गेलं होतं.

बहिणीच्या नातवासाठी मी सुती दोऱ्याचं ब्लँकेट केलं होतं. ६ रंग, प्रत्येक रंगाच्या दोन-दोन ओळी, आणि प्रत्येक वेळी दोरा कापून नवा जोडलेला. काम संपलं तेव्हा दोन्ही कडांना टोकांच्या अक्षरशः झालरी लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. रात्री बसून मी शेजारशेजारच्या दोन-दोन टोकांना घट्ट गाठी मारल्या आणि बोटाच्या पेराएवढं टोक ठेवून सगळी कापून टाकली. दिसायला झकास झालं. सगळ्यांनी कौतुक केलं.

दोन महिन्यांनी बहीण ते ब्लँकेट पिशवीतून परत घेऊन आली. काही बोलली नाही, फक्त समोर उलगडलं. कडेला तीन ठिकाणी गाठी सुटल्या होत्या. पिवळ्या पट्ट्यात माझी तीन बोटं जातील एवढं भोक, आणि त्यातून हातभर पिवळा दोरा लोंबत होता. सुती दोरा गुळगुळीत असतो. धुताना, पिळताना, बाळाने मुठीत धरून ओढताना गाठ हळूहळू सरकते आणि आखूड टोक तिच्यातून निसटतं. मला भोकापेक्षा त्या लोंबत्या दोऱ्याची भीती वाटली. असा दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती आवळला गेला तर काय होईल, हा विचार मी आधी करायला हवा होता.

दुरुस्तीला बसले तर सुईत ओवायलाही टोक शिल्लक नव्हतं. त्याच रंगाचा नवा दोरा घेऊन एकेक सुटलेला टाका पकडला, सुईने त्याच्या वाटेवरून दोरा फिरवला, दोन्ही बाजूंना नव्याने टोकं लपवली. मग न सुटलेल्या गाठीही एकेक करून पक्क्या केल्या, कारण त्या आज ना उद्या सुटणारच होत्या. चार दिवस गेले. ती टोकं आधीच नीट ओवली असती तर दोन संध्याकाळी पुरल्या असत्या.

तेव्हापासून माझी सवय अशी. टोक किमान ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर. बोथट टोकाची, मोठ्या नाकाची सुई. आधी त्याच रंगाच्या टाक्यांखालून दोनेक इंच एका दिशेला ओवायचं. मग एक धागा सोडून उलट फिरायचं आणि परत यायचं. तिसऱ्यांदा दिशा बदलून वर किंवा खाली. दोन वेळा ओवून सोडलेलं टोक सुती दोऱ्यात टिकत नाही, तिसरी फेरी हवीच. जमेल तिथे सुई दोऱ्याच्या पिळातून आरपार न्यायची, त्याने पकड चांगली बसते. आणि कापायच्या आधी कापड सगळ्या बाजूंनी ताणून बघायचं. न ताणता कापलं तर पहिल्या वापरातच टोक बाहेर येतं.

ही टोकं शेवटपर्यंत साठवून ठेवू नका. पाच-सहा झाली की क्रोशाची सुई खाली ठेवायची आणि ओवून टाकायची. शेवटी ६० टोकं समोर आली की कुणाचाही धीर सुटतो, आणि मग गाठ मारायची बुद्धी होते.

‘मॅजिक नॉट’ म्हणून एक सरकती गाठ सध्या सगळीकडे दाखवतात, टोकं अगदी गाठीजवळ कापायची. मी ती रोजच्या वापरातल्या, धुवायच्या वस्तूंत वापरत नाही आणि वापरू देत नाही. टोकावरून टाके घालत पुढे गेलं की टोक लपतं हे खरं, पण एकाच दिशेने गेलेलं टोक सहज सरकतं. परत उलट दिशेने एकदा सुईने फिरवायला हवं. दोन टोकं ओली करून तळहातात चोळून जोडायची पद्धत फक्त खऱ्या लोकरीला, तीही मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया न केलेल्या. ॲक्रिलिक आणि सूत असं कितीही चोळलं तरी जुळत नाही.

एक अपवाद सांगते. कापूस भरून करतो त्या बाहुल्या-प्राण्यांमध्ये टोकं आतच राहतात, तिथे लांब टोकं ठेवून दुहेरी गाठ चालते. फक्त गडद टोक पांढऱ्या भागामागे सोडू नका, टाक्यांच्या फटीतून काळपट सावली दिसते.

सोबत नेलेला दोरा

दोन-दोन ओळींचे पट्टे असतील तर प्रत्येक वेळी दोरा कापायचा नसतो, कडेने वर न्यायचा असतो. हे मला त्या ब्लँकेटच्या वेळीही माहीत होतं, पण ६ रंग असल्यामुळे एकेक दोरा १० ओळी वर न्यावा लागला असता. चारेक ओळींपर्यंत ठीक, त्यापुढे कापा. नेताना दोरा ताणला की कड गोळा होते. ओळींची संख्या विषम असेल तर हवा तो दोरा नेमका दुसऱ्या कडेला अडकलेला असतो, म्हणून पट्टे सम ओळींचे ठेवा.

एकाच ओळीत दोन रंग असतील तेव्हा न लागणारा दोरा टाक्यांच्या पोटातून न्यायचा. तो फक्त चित्राच्या भागात नेला तर तेवढा भाग जाड आणि बाकीचा पातळ होतो. मी तो पूर्ण ओळभर नेते. फिक्या रंगाखालून गडद दोरा थोडा दिसतोच. मुके खांब जरा घट्ट घातले तर कमी दिसतो.

उलट बाजूने ओळ घालताना सोडलेला दोरा तुमच्याकडच्या बाजूला आणायचा, कारण त्या वेळी उलट बाजू तुमच्याकडे असते. नव्या लोकांचे आडवे धागे सुलट बाजूला येतात ते हमखास इथे.

गोल कामातली पायरी

न जोडता गोल गोल गेलं की फेरीचा शेवट तिच्या सुरुवातीपेक्षा एक मजला वर असतो. म्हणून पट्ट्याला पायरी पडते; ती तुमच्या हाताची चूक नसते. फेरीच्या शेवटच्या टाक्यात रंग बदला, नव्या रंगाचा पहिला टाका मुक्या खांबाऐवजी स्लिप स्टिच (दोरा थेट सुईवरच्या फासातून ओढलेला, उंची नसलेला टाका) घाला आणि पुढची फेरी आली की त्या स्लिप स्टिचमध्येच नेहमीचा टाका घाला. पायरी पूर्ण जात नाही, बरीच बसते. उरलेली पाठीच्या बाजूला येईल असं आधीच ठरवा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ग्रॅनी स्क्वेअरमध्ये (मधून सुरू करून फेऱ्यांनी वाढवलेल्या चौकोनात) प्रत्येक रंग एकाच कोपऱ्यातून सुरू करू नका, सगळी टोकं तिथेच जमून गठ्ठा होतो.

एका कामाचे गुंडे घेताना वेष्टनावरचा डाय लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक, जुळवून घ्या.

वेगवेगळ्या जाडीचे दोरे एकाच कामात मिसळले की पट्टे लाटांसारखे वरखाली होतात.

लाल, गडद निळा, काळा यांच्याशेजारी पांढरा ठेवणार असाल तर आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. सकाळी फडक्यावर रंग दिसला तर ती जोडी सोडा.

आणि चूक झालीच असेल तर? एक-दोन ओळींत लक्षात आली तर उसवा, कुरकुर न करता. खूप पुढे गेल्यावर दिसली, आणि फक्त टाक्याचा माथा चुकीच्या रंगाचा असेल, तर उसवायची गरज नाही. बरोबर रंगाचा दोरा सुईत ओवा, त्या माथ्याच्या दोन्ही पाकळ्यांवरून त्याच आकारात एकदा फिरवा आणि मागे नेऊन टोक तीन दिशांना लपवा.